बादलीभर ऊन पाण्याचा हिशेब

संस्थेच्या मागच्या वार्षिक बैठकीनंतर चहा चालू असताना एका सभासद भगिनीने मला विचारले, "दादा, तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला ठाऊक असणार. आम्ही गिझर कुठला घ्यावा?" बँकेत असण्याचा आणि गिझर ठाऊक असण्याचा काय संबंध, हे मला त्या वेळी उमगले नाही. मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझी ओळख दहावीपर्यंतची, तीही काठावरची. त्यामुळे "विचारून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरात पैशाची ओढाताण असताना आठ-दहा हजारांची वस्तू घ्यायची, ती दहा वर्षे वापरायची, आणि तिचे बिल दर महिन्याला भरायचे, तर तो प्रश्न खरोखर हिशेबाचाच आहे. आणि हिशेब मांडणे हे माझे रोजचे काम. म्हणून संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हाच विषय घेतला. मधल्या काळात माहीतगार मंडळींकडून, पुस्तकांतून आणि स्वतःच्या घरच्या बिलांवरून जे समजले ते येथे मांडतो.

आमच्या लहानपणी पाणी तापवायचे म्हणजे परड्यातली तीन दगडांची चूल आणि तिच्यावर काळाकुट्ट झालेला हंडा. जळण आई आणायची. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट आणि वाळलेली चिपाडे, एरवी शेणी आणि बाभळीच्या काटक्या. पहाटे फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे. आम्ही भावंडे रांगेने आंघोळ करायचो, आणि शेवटच्याच्या वाट्याला कोमट पाणी यायचे. तो शेवटचा बहुधा मीच. पुढे वडिलांनी जुन्या बाजारातून तांब्याचा एक बंब आणला, तेव्हा आईला केवढा आनंद झाला होता! अर्ध्या जळणात दुप्पट पाणी तापते, असे ती शेजारणींना सांगायची.

तिचे म्हणणे अडाण्याचे नव्हते. तीन दगडांच्या चुलीवर जाळ हंड्याच्या फक्त बुडाला लागतो आणि बाकीची उष्णता वाऱ्यावर जाते. बंबात जाळ मधल्या नळीत असतो आणि पाणी त्या नळीच्या भोवती. म्हणजे जाळाला चहूबाजूंनी पाण्याचाच वेढा. शिवाय बंबाची तोटी वरच्या अंगाला असते. नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि वरचे कढत पाणी तोटीतून बाहेर पडते. जेवढे ओताल तेवढे मिळेल. त्यामुळे बंब कधी रिकामा जळत नाही. आज आपल्या न्हाणीघरात भिंतीवर टांगलेला विजेचा गिझर अगदी याच रीतीने चालतो. गार पाणी खालून शिरते, ऊन पाणी वरून ढकलले जाते. जाळाच्या जागी कॉईल आली, एवढाच फरक. गिझर हा शब्द मात्र दूरचा आहे. आइसलँड देशातल्या उसळणाऱ्या एका गरम झऱ्याचे नाव गेसिर, त्यावरून तो आला. आपल्या कोकणात अशा झऱ्यांना उन्हाळे म्हणतात. राजापूरजवळचे उन्हाळे पुष्कळांनी पाहिले असेल.

आता हिशेबाकडे येऊ. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. एवढी दोन वाक्ये लक्षात ठेवली की कोणत्याही दुकानदाराला प्रश्न विचारता येतो. एका माणसाच्या आंघोळीची बादली १८ लिटरची धरा. थंडीत नळाचे पाणी २२ अंशांचे आणि अंगावर घ्यायचे पाणी ४२ अंशांचे. म्हणजे १८ लिटर गुणिले २० अंश, ३६० किलोकॅलरी. त्याला ८६० ने भागले की ०.४२ युनिट येतात. थोडी उष्णता वाया जाणार, म्हणून ०.४५ धरू. चार माणसांच्या घरात रोज १.८ युनिट, महिन्याला ५४ युनिट.

विजेचा दर हिशेबाच्या सोयीसाठी १० रुपये युनिट धरला तर एक बादली साडेचार रुपयांना पडते आणि महिन्याचे ५४० रुपये होतात. दर का धरावा लागतो तेही सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात टप्पे असतात. पहिला १०० युनिटपर्यंत, दुसरा १०१ ते ३००, आणि पुढे आणखी. टप्पा वर गेला की त्यापुढच्या युनिटचा दरही वर जातो. समजा, एका घराचा गिझरविना वापर ९० युनिट आहे. गिझर आल्यावर तो १४४ झाला. मग वाढलेल्या ५४ युनिटपैकी ४४ युनिट दुसऱ्या टप्प्यातल्या चढ्या दराने मोजले जातात. म्हणून गिझरचा खर्च काढताना बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढू नये. आपले घर ज्या टप्प्यात पोचते त्या टप्प्याचा दर घ्यावा. बिलाच्या मागच्या बाजूला हे टप्पे छापलेले असतात. ती बाजू फारसे कोणी वाचत नाही.

आता ताऱ्यांबद्दल. विजेच्या गिझरवर एक ते पाच ताऱ्यांचे चिठ्ठीवजा लेबल असते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यानुसार २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला, आणि हे लेबल त्या ब्युरोचे. बहुतेकांची समजूत अशी की पाच ताऱ्यांचा गिझर कमी विजेत पाणी तापवतो. तसे नाही. विजेच्या कॉईलमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णताच होते, मग तारा एक असो वा पाच. वर काढलेले ०.४२ युनिट कोणत्याही कंपनीला चुकत नाहीत. साठवणीच्या गिझरचे तारे ठरतात ते तापलेले पाणी नुसते उभे असताना २४ तासांत किती उष्णता बाहेर गळते यावर. टाकीभोवतीचे अस्तर जाड आणि चांगले असेल तर गळती कमी आणि तारे जास्त.

याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. ज्या घरात गिझर दिवसभर चालू असतो, दवाखान्यासारखे कधीही ऊन पाणी लागते, तिथे पाच ताऱ्यांनी चांगली बचत होते. आणि ज्या घरात पहाटे वीस मिनिटे चालू करून, सगळ्यांच्या आंघोळी ओळीने उरकून, बटण बंद करतात तिथे ताऱ्यांचा फरक थोडाच पडतो. माझे मत असे की पाच तारे जरूर घ्यावेत, पण पाच ताऱ्यांच्या भरवशावर बटण चालू ठेवू नये. एक ताऱ्याचा गिझर वेळेवर बंद करणारी बाई पाच ताऱ्यांचा गिझर रात्रभर चालू ठेवणाऱ्या भाऊरावांपेक्षा कमी बिल भरेल.

आकाराचेही तसेच. "मोठा घ्या साहेब, पुढे पाहुणे येतील," असे दुकानात हमखास सांगतात. १५ लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांपर्यंत तापवले आणि त्यात गार पाण्याचे विसण घातले तर ४२ अंशांचे साधारण २८ लिटर पाणी होते, म्हणजे दीड बादली. दोन किलोवॉटची कॉईल असेल तर त्याला वीस मिनिटे लागतात. पहिला आंघोळ करीपर्यंत दुसऱ्याचे पाणी तापत आलेले असते. चार माणसांना १५ लिटर पुष्कळ झाले. २५ लिटरचा घेतला तर रोज शेवटी टाकीत ऊन पाणी शिल्लक राहते आणि दिवसभरात निवते. ते पाणी तापवायचे पैसे आपण भरलेलेच असतात.

लहान तीन लिटरचा तात्काळ तापवणारा गिझर एका-दोघांच्या घराला बरा. तो तीन किलोवॉटचा असतो. मिनिटाला दोन लिटरच्या आसपास आंघोळीजोगे पाणी देतो, बादली भरायला आठ-साडेआठ मिनिटे. वीज तेवढीच लागते, पण उरलेले पाणी निवून वाया जाण्याचा प्रश्न नाही. मात्र तीन किलोवॉट म्हणजे घरची तार जाड हवी, सोळा अँपिअरचा वेगळा पॉईंट हवा. जुन्या चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत पंख्याच्या पिनेत तो जोडू नये. तार तापून वितळलेली मी पाहिली आहे.

पाण्यात सोडायचा रॉड हे विद्यार्थ्यांचे आणि खोली करून राहणाऱ्यांचे साधन. स्वस्त आहे आणि विजेच्या दृष्टीने वाईट नाही. दीड किलोवॉटचा रॉड बादली १७-१८ मिनिटांत तापवतो. पण त्याने जीव गेलेले आहेत. रॉड आयएसआय खुणेचाच घ्यावा, बादली प्लॅस्टिकची असावी, आधी रॉड पाण्यात सोडावा आणि मगच बटण दाबावे. आणि पाणी तापले की नाही हे बघायला बोट घालण्यापूर्वी बटण बंद करून पिनही काढावी. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा लिहितो : बटण बंद करून पिन काढावी, मगच पाण्याला हात लावावा. ज्या घरात अर्थिंग नाही तिथे रॉड आणि गिझर दोन्ही आणण्यापूर्वी अर्थिंग करून घ्यावे, आणि मीटरजवळ तीस मिलिअँपिअरचा गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवावा. गिझरच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

गॅसच्या गिझरविषयी लिहिताना माझा हात जरा जड होतो. आधी हिशेब सांगतो, कारण हिशेबात तो खरोखर सरस आहे. एक किलो गॅसमध्ये सुमारे १०,९०० किलोकॅलरी असतात. गिझर त्यातल्या सुमारे ८० टक्के पाण्याला देतो असे धरले तर एका बादलीला ४२ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण ३३८ बादल्या, म्हणजे चार माणसांना ८४ दिवस. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर बादली २ रुपये ६६ पैशांना पडते. सिलिंडर १,५०० रुपयांच्या घरात गेला तरच १० रुपये युनिटच्या विजेशी बरोबरी होईल. शेगडीवर पातेले ठेवले तर उष्णता बाजूने जास्त जाते, म्हणून गॅसही जास्त जळतो. तेव्हा पैशाच्या दृष्टीने गॅस गिझर पुढे आहे, आणि म्हणूनच कोल्हापुरात मध्यमवर्गीय वस्त्यांतून तो इतका पसरला.

आता दुसरी बाजू. माझ्या चुलत बहिणीची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. भाड्याचे घर, चार बाय पाच फुटांचे न्हाणीघर, आणि त्यातच भिंतीला गॅसचा गिझर बसवलेला. बसवून देणाऱ्याने कोणताही प्रश्न विचारला नव्हता आणि आम्हा कोणालाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. डिसेंबरची थंडी होती, म्हणून वरच्या झरोक्याला पुठ्ठा लावला होता. पोरगी केस धुवायला गेली. पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. वीस-पंचवीस मिनिटांनी बहिणीने हाक मारली, उत्तर नाही. दार वाजवले, उत्तर नाही. कडी जुनी होती म्हणून शेजाऱ्याने दोन धक्क्यांत दार उघडले. पोरगी मोरीत कोसळलेली, बेशुद्ध. गिझर चालूच. दवाखान्यात प्राणवायू लावला, दोन दिवस ठेवून घेतले. ती वाचली. आज नोकरीला आहे. पण कडी नवी आणि भक्कम असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या बहिणीच्या मनातून अजून गेलेला नाही.

झाले काय होते? गॅस जळायला हवेतला प्राणवायू लागतो. कोंडलेल्या जागेत तो कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसगळतीचा वास आपल्याला येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूचा काहीही सुगावा लागत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते. मग शरीराला प्राणवायू पोचत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि माणसाला कळायच्या आत पाय लटके पडतात. पुष्कळदा घरच्यांना वाटते, आंघोळीत चक्कर आली असेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत बसवूच नये. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या बोळात असावेत, आणि आत फक्त पाण्याची नळी यावी. बाहेर जागाच नसेल तर विजेचा घ्यावा आणि बादलीमागे दोन रुपये जास्त मोजावेत. ज्यांच्याकडे तो आजच आत बसवलेला आहे त्यांनी जागा बदलेपर्यंत निदान एवढे करावे : दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, मग दार लावून आंघोळ करावी. झरोका थंडीतही बुजवू नये. आणि कोणी आत बेशुद्ध पडलेच तर आधी दार-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, आणि वाट न पाहता दवाखाना गाठावा. गिझरचा संशय आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सोलरविषयी लोकांत उत्साहही फार आहे आणि गैरसमजही फार. बँकेत माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना छतावरची विजेची सौर पाटी आणि पाणी तापवायचा सोलर यांतला फरक माहीत नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना विजेच्या पाट्यांसाठी आहे. त्यात एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. पाणी तापवायच्या सोलरला त्यात काही नाही. त्याचे केंद्राचे अनुदान पूर्वी होते, ते २०१४ साली बंद झाले. "सरकारचे अनुदान आहे" म्हणून कोणी सोलर हीटर विकत असेल तर लेखी कागद मागावा. काही नगरपालिका-महानगरपालिका घरफाळ्यात सूट देतात. आपल्या भागात ती आहे का, हे घरफाळा विभागात विचारून घ्यावे.

कल्पना जुनी आहे. उन्हात ठेवलेली काळी टाकी काचेच्या पेटीत बसवून अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प याने १८९१ साली पेटंट घेतले आणि ती विकायला काढली. इस्रायलने १९८० साली नव्या घरांना सोलर हीटर सक्तीचा केला. आपल्याकडे ऊन त्यांच्यापेक्षा कमी नाही. चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे ५ युनिट इतकी उष्णता पडते. शंभर लिटरच्या सोलरचा पृष्ठभाग साधारण दोन चौरस मीटर असतो. त्याने निम्मी उष्णता जरी पाण्याला दिली तरी ५ युनिट झाले, आणि त्यात १०० लिटर पाणी चाळीस अंशांहून जास्त तापते. पंप लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते आणि गार पाणी खाली येते.

केंद्र सरकारच्या माहितीपत्रकांतून शंभर लिटरचा सोलर वर्षाला सुमारे १,५०० युनिट वाचवतो असे सांगत आले आहेत. आकडा चुकीचा नाही, पण त्याच्या पोटात एक अट आहे. ते शंभरच्या शंभर लिटर कढत पाणी रोज वापरले गेले पाहिजे. आपल्या चार बादल्यांना विसण घालून साठ अंशांचे फक्त ३८ लिटर पाणी लागते. उरलेले टाकीतच राहते. तेव्हा चार माणसांच्या घराची बचत दिवसाला १.८ युनिटच, आणि तीही उन्हाच्या दिवसांत. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ढगच असतात. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या भागांत तर सूर्य दिसला की लोक अंगणात येऊन बघतात. आठ महिने म्हणजे २४० दिवस धरले तर ४३२ युनिट, ४,३२० रुपये. सोलर बसवून २५,००० रुपयांना पडला असे धरले तर पैसे फिटायला पावणेसहा वर्षे लागतील. ११ टक्क्यांनी तीन वर्षांचे कर्ज काढले तर हप्ता सुमारे ८१८ रुपये आणि व्याजापोटी साडेचार हजारांच्या आसपास. मग तेच पैसे फिटायला पावणेसात-सात वर्षे. आणि आज घरात गॅस गिझर असेल तर त्याच्याशी तुलना करता जवळजवळ दहा वर्षे.

हे मी सोलरच्या विरोधात लिहीत नाही. सोलर नीट सांभाळला तर इतकी वर्षे सहज टिकतो, आणि त्यानंतरचे पाणी फुकट. शिवाय आपल्याकडची बरीचशी वीज कोळशावर होते. कोळसा जाळून पाणी उकळायचे, त्या वाफेवर वीज करायची, त्यात निम्म्याहून जास्त उष्णता गमवायची, आणि ती वीज शेकडो मैल आणून पुन्हा पाणीच तापवायचे, हा उलटा कारभार आहे. एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायॉक्साईड हवेत जातो. ज्यांना जमते त्यांनी सोलर घ्यावाच. पण विक्रेत्याच्या दोन वर्षांत पैसे वसूल या बोलण्यावर कर्ज काढू नये.

सोलरची खरी जागा आहे वसतिगृह. शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात वसतिगृहांची जी परंपरा घातली तिच्यामुळे खेड्यापाड्यांतली हजारो मुले इथे राहून शिकली. मीही कॉलेजात असताना अशाच एका वसतिगृहात तीन वर्षे काढली. पाणी गार. जानेवारीत पहाटे पाचला अंगावर पहिला तांब्या घेताना तोंडातून जो आवाज निघायचा त्यावरून कोण कोणत्या खोलीतला हे ओळखू यायचे. काही मुले आठ-आठ दिवस आंघोळ टाळायची, मग खरूज व्हायची, आणि मग अभ्यास बुडायचा. साठ मुलांचे वसतिगृह धरले तर रोज २७ युनिट, म्हणजे २७० रुपयांचे ऊन पाणी. तिथे एक लिटरही शिल्लक राहत नाही, त्यामुळे सोलरचा पैसा घरापेक्षा निम्म्या वेळात फिटतो. एकच वैगुण्य : ऊन सर्वांत कडक असते त्या मे महिन्यात मुले सुट्टीवर गेलेली असतात. तेव्हा पत्र्यावर झाकण घालणे, नळ्यांतले पाणी बघणे, ही कामे कोणाकडे तरी नेमून द्यावी लागतात. नाहीतर जूनमध्ये फुटक्या नळ्या मिळतात.

घरी सोलर घेणाऱ्यांनी पाणी कोणते आहे ते आधी बघावे. बोअरचे पाणी जड असते. त्यातला क्षार तांब्याच्या बारीक नळ्यांत बसतो आणि दोन-तीन वर्षांत त्या तुंबतात. तिथे काचेच्या पोकळ नळ्यांचा सोलर बरा, कारण नळी काढून धुता येते. नळाचे गोडे पाणी असेल तर तांब्याच्या सपाट पेटीचा सोलर जास्त दणकट, माकडांनाही दाद देत नाही. विजेच्या गिझरलाही हाच क्षार खातो. त्याच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. ती बोअरच्या पाण्यात दर वर्षा-दोन वर्षांनी बदलून घ्यावी. हे बहुतेकांना माहीतच नसते आणि टाकी गळायला लागली की कंपनीला शिव्या देतात.

पावसाळ्यासाठी सोलरच्या टाकीतच विजेची कॉईल बसवून देतात. ती शक्यतो घेऊ नये. चार बादल्यांसाठी ती सबंध शंभर लिटर तापवत बसते. त्यापेक्षा न्हाणीघरात तीन लिटरचा छोटा गिझर ठेवावा. आणखी एक, गच्चीवरून खाली येणाऱ्या पाऊण इंची नळीत दर मीटरला पाव लिटरहून थोडे जास्त पाणी मावते. नळी वीस मीटर असेल तर सकाळी आधी पाच-सहा लिटर गारच पाणी येते. ते मोरीत सोडू नये. आमच्याकडे त्याची वेगळी बादली असते.

पुराचेही सांगून ठेवतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत शहरातल्या अनेक घरांत पाणी शिरले. २०१९ ला तर उपसा केंद्रे बुडाल्याने नळही कित्येक दिवस कोरडे होते. अशा वेळी दोन चुका होतात. भिजलेल्या जोडणीचा गिझर वायरमनला न दाखवता चालू करणे, आणि टाकी रिकामी असताना बटण दाबणे. नळ आल्यावर आधी गिझरच्या ऊन पाण्याची तोटी उघडावी, तिच्यातून अखंड धार पडू लागली की मगच बटण लावावे.

त्या भगिनीला मी शेवटी काय सांगितले ते लिहितो. त्यांचे घर चौघांचे, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गच्ची सगळ्यांच्या मालकीची आणि गच्चीवरून भांडण चालू. गॅलरी नाही. वीजबिल ९५ युनिटांच्या आसपास. म्हणून सोलर नाही, गॅस तर नाहीच. १५ लिटरचा पाच ताऱ्यांचा विजेचा गिझर, आधी अर्थिंग तपासून. सकाळी एकदाच वीस मिनिटे आधी लावायचा आणि आंघोळी पाठोपाठ करायच्या. त्या म्हणाल्या, "पाठोपाठ? आमच्या ह्यांना आठ वाजल्याशिवाय जाग येत नाही." त्यावर माझ्याकडे हिशेब नव्हता.

आमच्या घरी सोलर आहे, पावसाळ्यासाठी छोटा गिझर आहे, आणि परड्यात तो तांब्याचा बंबही आहे. आई आता सत्तरीच्या पुढे आहे. गेल्या पावसाळ्यात सलग दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा तिने नारळाच्या करवंट्या घालून तो पेटवला आणि शेजारच्या दोन घरांनाही पाणी दिले. यंदा त्याची तोटी गळते आहे, तांबटाकडे न्यायचा आहे.